तालमीचा नारळ

माझ्या मामाच्या घरी खिडक्यांना पडदे नाहीत, शाली आहेत. फ्रिजवर शाल, शिवणयंत्रावर शाल, मागच्या दाराला माश्या येऊ नयेत म्हणून दुहेरी टाचलेली शाल. मामा अकोल्यात नाटकं बसवतो. कॉलेजात असल्यापासून हेच करतो आहे. एवढ्या वर्षांत त्याला सन्मान म्हणून जे काही मिळालं ते बहुतेक लोकरीचं होतं. तेही अकोल्यात, जिथे मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं.

मी अमरावतीची. आई वकील आहे, पण तिचा जीव पत्रकांत. बसस्टँडवर पाणी नाही, काढ पत्रक. मोहल्ल्यातलं वाचनालय बंद पडतंय, काढ पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच कागदांवर. उरलेल्या पत्रकांत माझ्या डब्यातली पोळी गुंडाळलेली असायची, आणि गरम पोळीवर कधीकधी ‘जाहीर निषेध’ उलटा उमटायचा. आईचा एक नियम होता. पत्रक छापायला देण्याआधी कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवायचं. ऐकणारा मधेच दुसरं काही विचारायला लागला की तिथून पुढचं सगळं खोडायचं. तिने मला दुसरी कुठली शिस्त लावली असेल तर मला आठवत नाही.

मामाची तालीम मोर्णा नदीपलीकडच्या एका जुन्या कापसाच्या गोदामात चालायची. वर पत्रे, खाली फरशी, आणि पावसाळ्यात भिंतींना अजूनही सरकीचा वास यायचा. गोदाम एका संस्थेच्या मालकीचं होतं. मामाच्याच नाही, गावातल्या सगळ्या हौशी मंडळींच्या तालमी तिथे होत. सकाळी मुली नाच शिकत, दुपारी एक बँडवाला पोरांना क्लॅरिनेट शिकवायचा. अकोल्यात एवढ्या लोकांना परवडेल अशी दुसरी जागा नव्हती आणि नाही. त्या संस्थेने गेल्या हिवाळ्यात ठरवलं की गोदाम पाडायचं आणि तिथे कोचिंग क्लाससाठी इमारत बांधायची.

ही बातमी ऐकून मी अकोल्याला पोहोचले तेव्हा मामा आधी माझ्या पाया पडला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मग सरळ उभा राहून भांडायला लागला.

“तुह्या आईनं फोनवर कायद्याचं काय काढलं वं? मले हॉल पायजे. कायदा कायले पायजे?”

मी त्याला सांगितलं की हॉल वाचवा म्हणून कुणाच्या पाया पडलो तर फार तर हा एक हॉल वाचेल, आणि तोही पाया पडणं चालू असेल तोवर. राज्याचा कायदाच असा हवा की जिथे वर्षानुवर्षं कला चालते ती जागा मालकाला परस्पर मोडता येणार नाही. आधी गावासमोर सुनावणी झाली पाहिजे. मोडलीच तर त्याच गावात तशीच जागा उभी केली पाहिजे. आणि म्हाताऱ्या कलावंताचं मानधन कुणाच्या शिफारशीवर नको, हक्काने मिळालं पाहिजे.

“पोरी,” मामा म्हणाला, “तो कायदा होईस्तोवर मी राहीन का नाई, सांगता येत नाई. हॉल आज हाये.”

मी फोन आईकडे दिला. म्हणजे तिला लावला आणि त्याच्या हातात ठेवला. ती त्याला म्हणाली, “दादा, दिलेला शब्द फिरवायला एक फोन पुरतो. कायदा फिरवायचा त सरकारले चारचौघात उभं राहून सांगा लागते का कावून फिरवून राहिलो. एवढाच फरक हाये.” मामाने फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, “तुही आई लहानपणीही अशीच होती. भोवराही नियमानं फिरवाची.”

त्याने हो म्हटलं नाही, पण मला अडवलंही नाही. आईने कायद्याचा मसुदा केला, मी पत्रक लिहिलं, आणि ते घेऊन मी अमरावती-अकोला दोन्ही जिल्हे हिंडले. वलगावला भजनी मंडळासमोर वाचलं. शेंदुरजनाघाटला संत्र्याच्या पेट्यांवर बसून खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, करणाऱ्यांना वाचून दाखवलं. पातूरला एका सनईवाल्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात आमी बसतो का? का फक्त नाटकवाले?” बसता, मी म्हटलं. “मंग कराले हरकत नाई सही,” तो म्हणाला, “आतापर्यंत आमाले फक्त मांडवात बसवलं.”

सह्या वाढायला लागल्या तसा संस्थेच्या लोकांशी घरोबा असलेला एक पुढारी मामाकडे आला. त्याचं नाव सांगत नाही. प्रत्येक गावात त्याच्यासारखा एक असतोच. शाली टांगलेल्या खिडकीखाली बसून त्याने चहा घेतला आणि सरळ सौदा मांडला. गोदामाला हात लागणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही ते कायद्याचं थांबवा. येत्या रविवारी गोदामातच आपण गावातल्या कलावंतांचा सत्कार करू, आणि मामाने माइकवर एवढंच सांगायचं की आमचा प्रश्न सुटला.

“अन् नाई म्हटलं त?” मामाने विचारलं.

“त मंग सोमवारी कुलूप. माह्या हातात काय राहते, भाऊ?”

तो गेल्यावर मी मामाशी जे भांडले ते मामीने ऐकलं नाही हे बरं, ती बाजारात गेली होती. “तुले हॉल पायजे नाई का?” एवढंच मामाने विचारलं. मला हवा होता. मी लहानपणी प्रत्येक उन्हाळ्याच्या सुटीत त्या फरशीवर झोपून तालमी पाहिल्या होत्या. म्हणूनच मला तो कुणाच्या मेहरबानीवर नको होता. मामा म्हणाला, रविवारी मी माइकवर काय बोलाचं ते बोलतो. त्याचा चेहरा पाहून मी समजले की तो मानला. आई फोनवर म्हणाली, “हॉल त्याचा हाये. आयुष्यही. तू फक्त पत्रकं घेऊन दारात उभी राह्य.”

पुढचं समजायला मामाच्या मंडळाची एक रीत सांगितली पाहिजे. नव्या नाटकाची तालीम सुरू करताना गोदामाच्या दाराबाहेर जो मोठा दगड आहे, पूर्वी ज्यावर कापसाच्या गाठी उतरवायचे, त्यावर नारळ फोडतात. तो नारळ मंडळाबाहेरच्या माणसाने आणलेला लागतो: कधी शेजारी, कधी चहावाला, एकदा तर वीजबिल घेऊन आलेला माणूस. ज्याने नारळ आणला त्याला पहिल्या प्रयोगाला पहिली खुर्ची. आणि जिथे नारळ फुटला तिथून पहिला प्रयोग होईपर्यंत ती तालीम हलवायची नाही, काही झालं तरी. एका पावसाळ्यात पत्रे उडाले तेव्हा यांनी तीन अंक छत्र्या धरून बसवले होते.

रविवारी गोदामात झालर लागली, खुर्च्या लागल्या. एकेका कलावंताला बोलावून शाल आणि श्रीफळ देणं चाललं होतं. मी दारात पत्रकं वाटत होते. पुढाऱ्याने भाषण केलं. भाषण वाईट नव्हतं, तेच जास्त वाईट. तो म्हणाला, “कलावंत म्हंजे मुळात फकीर माणूस. त्याले कायदे-बियदे कायले पायजे? पाठीवर थाप पडली का तो खूश.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लॅरिनेट शिकवणारा बँडवाला समोरच बसला होता. त्याने नव्या शालीकडे पाहिलं आणि ती घडी करून मांडीखाली घेतली.

मग मामाला बोलावलं. पुढाऱ्याने शाल घातली, नारळ हातात दिला, फोटो झाला. मामाने माइक घेतला.

“भाऊ म्हणाले ते खरं हाये. मी फकीरच. पण फकीरालेही पाठ टेकाले भिंत लागते. ती भिंत भाऊच्या शब्दावर उभी हाये म्हणते. भाऊ गेले त?” त्याने खांद्यावरची शाल सावरली. “भाऊ शंभर वर्षं जगो. पण मंग मी कोणाले विचारू?”

मामा माइक तसाच चालू ठेवून मंचावरून उतरला, मधल्या वाटेने चालत दारात आला, माझ्या शेजारून बाहेर गेला आणि तो नारळ त्याने त्या दगडावर फोडला. पाणी माझ्या पत्रकांवर उडालं. मंडळातली माणसं आधी बघत राहिली, मग उठून उभी राहिली, कारण त्यांना कळलं होतं. बाकीच्यांना मामाने दारातूनच ओरडून सांगितलं.

“नव्या नाटकाची तालीम सुरू झाली. नारळ भाऊनं आणला, त पहिल्या प्रयोगाची पहिली खुर्ची भाऊची. पहिला प्रयोग कायदा होईन त्या दिवशी. तवरोक तालीम इथून हालत नाई.”

पुढारी काय करणार होता? माइक चालू, समोर गाव. तो हात जोडून हसला. फोटोत तो हसतानाच आला आहे.

“मामा, नाटक कोणतं?” मी हळूच विचारलं.

“ते तू लिही. पत्रक नको लिहू, झोप येते.”

सोमवारी कुलूप लागलं. दिलेला तो एक शब्द मात्र पाळला गेला.

पण दगड दाराच्या बाहेर आहे, रस्त्याच्या कडेला, आणि नारळ तिथे फुटला होता. त्या संध्याकाळपासून तालीम तिथेच होते. मी नाटक लिहिते आहे. त्यात एक गोदाम साक्ष द्यायला उभं राहतं आणि वकील त्याला विचारतो की तू कोण, तुझी नोंद कुठे आहे. आईचा नियम मी पाळते: लिहिलेलं आधी रस्त्यावरच्या लोकांना वाचून दाखवते. भाजी घेऊन चाललेली बाई मधेच पिशवी सावरून निघून गेली तर तो प्रवेश कापते. बरेच प्रवेश कापले आहेत. जे उरलेत ते ऐकायला लोक दुचाकी बंद करून थांबतात, जाताना पत्रकावर सही करतात. बँडवाल्याची पोरं फाटकाशी क्लॅरिनेट वाजवतात. संस्थेचे लोक एकदा आले, गर्दी पाहिली, आणि इमारतीचं बघू म्हणून परत गेले. आईने पाठवलेला मसुदा आता मुंबईला मंत्रालयातल्या एका कपाटात आहे, असं तिला कळलं आहे. ती दर आठवड्याला त्या कपाटाची चौकशी करते.

हॉल परत मिळालेला नाही. मामाला याचं दुःख आहे आणि तो ते लपवत नाही. पहिल्या पावसात भिजताना त्याने मला आणि आईला मिळून शिव्या दिल्या. पण तालमीच्या आधी तो रोज एक काम स्वतः करतो. दगडासमोर एक खुर्ची मांडतो आणि तिच्या पाठीवर त्या रविवारची शाल टाकतो. कुणालाही तिच्यावर बसू देत नाही.

परवा एका म्हातारबाने पाय दुखतात म्हणून बसू का विचारलं. मामाने त्याला चहावाल्याकडून दुसरी खुर्ची आणून दिली.

“अन् हे कोणाची हाये?” म्हातारबाने विचारलं.

“नारळ देणाऱ्या भाऊची हाये,” मामा म्हणाला. “कायदा झाला का ते येतीन. आमी तवरोक उठत नाई.”