दार नव्हे, द्वार

आमच्या पेणच्या शाळेत विद्यार्थी मंडळाची निवडणूक व्हायची नाही, नेमणूक व्हायची. हेडसर वर्गात येत, पुढच्या बाकांवरच्या तेल लावून भांग पाडलेल्या मुलामुलींकडे बोट दाखवत आणि फळ्यावर ‘लोकशाही’ असं लिहून निघून जात. मी नववीत असताना ते बोट माझ्याकडे वळलं आणि मी ‘विद्यार्थिनी प्रतिनिधी’ झाले. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. प्रतिनिधीने करायचं काय असतं, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मंडळाची आजवरची कामगिरी मोठी होती. आदल्या वर्षीच्यांनी तक्रारपेटी बसवली होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली हरवली होती, त्यामुळे आमच्या शाळेत तक्रारच नाही, असं हेडसर पाहुण्यांना छाती फुगवून सांगत. त्याच्या आधीच्यांनी जिन्याच्या भिंतीवर ‘सावकाश चढा’ असं रंगवून घेतलं होतं. रंगाऱ्याच्या शिडीने मोडलेला जिन्याचा कठडा मात्र अजून तसाच होता.

हेडसरांना शुद्ध भाषेचं वेड होतं. ते सायकलला द्विचक्री म्हणत आणि डब्याच्या सुट्टीला अल्पोपाहार. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपले घरचे शब्द जिभेवरून मुकाट्याने मागे फिरत. माझे तर फारच फिरत, कारण मी शहाणी मुलगी होते आणि मला त्याचा गर्व होता.

शाळेच्या मागे मुलींची मुतारी होती. हा शब्द मी आज लिहिला तसा तेव्हा लिहिला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. तिचं दार दोन वर्षांपूर्वी बिजागरीतून निखळलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून शाळेने स्नेहसंमेलनात वापरलं. त्याला सोनेरी कागद चिकटवून राजाच्या सिंहासनाची पाठ केली. आमच्याच दाराला टेकून बसलेल्या त्या राजासाठी आम्ही मुलींनी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या होत्या.

दार गेल्यावर छत्री आली. प्रत्येक वर्गाच्या कोपऱ्यात मुलींची एक काळी छत्री असायची, पावसाळा असो नसो. एकीने आत जायचं आणि दुसरीने उघडी छत्री दाराच्या जागी धरून, पाठ करून उभं राहायचं. मागच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत, चेंडू हमखास आमच्याच बाजूला येई, आणि छत्रीवाली ओरडे, “थांब रे मेल्या!” भर उन्हाळ्यात छत्री घेऊन निघालेली मुलगी कुठे चालली आहे हे अख्ख्या शाळेला कळायचं. म्हणून बऱ्याच जणी जायच्याच नाहीत.

माझ्या बाकावरची मैत्रीण तर मुळीच जायची नाही. ती धरमतरच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातली, घरचे सगळे मिठागरात कामाला. सकाळी उजाडताच घर सोडायची, बांधावरून चालत रस्त्याला यायची, एसटी पकडायची. परत घरी पोचेपर्यंत दिवे लागायचे. एवढ्या वेळात ती पाण्याचा एक घोट घ्यायची नाही. शाळेच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘पाणी हेच जीवन’ असं लिहिलेलं होतं आणि ही त्याच्यासमोरून दिवसभर कोरड्या ओठांनी ये-जा करायची. मी एकदा स्टीलचा पेला पुढे केला तर म्हणाली, “नको गो. पानी पिलं की जावं लागतं.”

त्या पावसाळ्यात तिला उन्हाळे लागले. लघवीला आग व्हायची, ताप चढायचा, चार दिवस शाळेत यायची, चार दिवस घरी. डॉक्टरांनी सांगितलं पाणी पी, भरपूर पी. तिच्या आईने वेगळं सांगितलं. ते तिने मला गणिताच्या तासाला वहीआड सांगितलं.

“आय बोलते, दिवालीपरेंत बगते. मंग बस झाली शाला. मिठावर ये बोलते माज्यासंगती.”

ती वर्गात गणितात पहिली होती. मी दुसरी. ती गेली असती तर मी पहिली आले असते, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, हे कबूल करते. पण तिच्याशिवाय त्या बाकावर बसायच्या कल्पनेने मला रडूही आलं. मी म्हटलं, “मी प्रतिनिधी आहे ना. दार बसवून घेते.”

मंडळाची बैठक हेडसरांच्या खोलीत भरली. आठ मुलगे, मी आणि हेडसर. यंदाचा प्रकल्प कोणता, असा प्रश्न आला. मुलांना क्रिकेटचं किट हवं होतं. माझी पाळी आली तशी माझे कान तापले. आठ मुलग्यांसमोर तो शब्द उच्चारायचा? मी चिठ्ठी लिहिली आणि पुढे सरकवली: ‘मुलींच्या बाजूला दार नाही. कृपया दार बसवावे.’

हेडसरांनी चष्मा पुसून ती मोठ्याने वाचली. मग म्हणाले, “दार नव्हे बाळ, द्वार. उत्तम कल्पना आहे! मुलींसाठी स्वतंत्र द्वार!”

मुलींच्या बाजूला म्हणजे त्यांना, मुली शाळेत येत ती मागच्या गल्लीची बाजू वाटली. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, इतिवृत्तात माझ्या नावानिशी सूचना लिहून घेतली, आणि मी स्वतःची समजूत घातली की मोठी माणसं आहेत, त्यांना कळलंच असणार. शुद्ध भाषेत दाराला द्वार म्हणत असतील, बाकी वस्तू तीच.

मग निधी उभारायला आनंदमेळावा ठरला. कुणी पोह्याचे पापड आणले, कुणी भेळ लावली, शिवणाच्या बाईंनी रुमाल विकायला काढले. मंडळातल्या मुलांनी ‘नेम धरा’ नावाचा खेळ मांडला आणि दिवसभर स्वतःच खेळले. माझ्या मैत्रिणीकडे आणायला काय असणार? तिने घरून मिठाची गोणी आणली, बापाच्या खांद्यावरून, एसटीच्या टपावर टाकून. हेडसरांनी तिच्या टेबलावर स्वतः पाटी लिहून दिली: ‘शुद्ध लवण’.

दुपारपर्यंत एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. लोक पाटी वाचत आणि औषधबिवषध असेल म्हणून पुढे जात. शेवटी तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि खडूने मोठं लिहिलं, ‘मीठ’. संध्याकाळच्या आत गोणी रिकामी झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी त्यातून काही शिकले नाही.

दार बनवायचं काम रोह्याला दिलं होतं. पेणमध्ये सुतारांची काय कमी होती? पण संस्थेच्या एका संचालकांच्या जावयाचं रोह्यात वेल्डिंगचं दुकान होतं. सहामाही परीक्षा संपल्यावर शिवणाच्या बाई काम बघायला निघाल्या, तेव्हा प्रतिनिधी म्हणून मी आणि सोबत म्हणून मैत्रीण, अशा आम्हाला घेऊन गेल्या. नागोठण्याला एसटी थांबली तशा बाईंनी आम्हाला उसाचा रस पाजला. माझी मैत्रीण पूर्ण ग्लास प्याली. स्टँडवर दाराचा संडास होता ना!

दुकानात भिंतीला टेकून एक लोखंडी अजस्र वस्तू उभी होती. दोन झडपा, वर कमान, कमानीत पत्र्याची कमळं. मी आजूबाजूला आमचं दार शोधत राहिले. मग वेल्डिंगवाल्याने त्या कमानीवर हात ठेवून म्हटलं, “घ्या, झाला तुमचा गेट. रंग देऊ की तुमी देताव?”

मला अजूनही समजलं नव्हतं. मी विचारलं, “आतून कडी कुठे आहे?”

तो हसायला लागला. “गेटला आतून कडी? आत कोन कोंडून घेनार हाय, ताई?”

बाई कमळांची तारीफ करत होत्या. माझी मैत्रीण हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“तू काय लिवलंस गो चिठीत?”

मी सांगितलं.

“मुतारी लिवायला शाई संपली व्हती काय?”

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही. मी खिडकीशी एकटी बसून रडले, आणि बाईंना वाटलं मला गाडी लागते, म्हणून त्यांनी मला आवळासुपारी दिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी द्वाराचं उद्घाटन झालं. एक गंमत तोवर कुणाच्या लक्षात आली नव्हती: त्या बाजूला शाळेला कुंपणच नव्हतं. मोकळ्या मैदानात कमान उभी होती आणि डावीउजवीकडून गुरं, माणसं, सायकली आरामात जात होत्या. भिंत पुढच्या वर्षीच्या मंडळावर सोपवली आहे, असं हेडसर म्हणाले. कमानीवर संचालकांचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘विद्यार्थिनींसाठी’.

प्रमुख पाहुण्या म्हणून शिक्षण खात्यातल्या एक बाई जीपने आल्या. लांबून आल्या होत्या, वर हेडसरांनी त्यांना शहाळं पाजलं, चहा पाजला, परत सरबत पाजलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या माझ्या कानाशी वाकल्या. “बाळ, जरा बाथरूम कुठेय?”

आमच्या बाई शेजारच्या एका घरी जात, पण त्या घराला त्या दिवशी कुलूप होतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. रोह्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. ती उठली, वर्गाच्या कोपऱ्यातली छत्री उचलली आणि पुढे चालू लागली. साहेबबाई आत गेल्या, मैत्रिणीने छत्री उघडून धरली, मी चेंडूवर लक्ष ठेवलं. आतून आवाज आला, “कोणी येत नाहीये ना?”

“बसा तुमी, बाय,” मैत्रीण म्हणाली. “आमी रोज धरताव.”

बाहेर आल्यावर साहेबबाईंचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, झालं आपलं काम! आता या बोलतील, यांचं कोण ऐकणार नाही? त्या माइकपुढे उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “या भव्य द्वारातून मुलींची प्रगती शाळेत प्रवेश करील.” टाळ्या पडल्या. पुढची वीस मिनिटं त्या द्वारावरच बोलल्या. मघाशी बिनदाराच्या जागेत जाऊन आलेल्या बाई त्याच होत्या, यावर माझा विश्वास बसेना.

मला त्यांचा राग आला. आणि मग लक्षात आलं की यात माझ्यापेक्षा वेगळं काही नाही. त्याही शहाण्याच होत्या.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. हेडसरांनी लिहून दिलेला कागद मी तोंडपाठ केला होता. पहिलं वाक्य म्हटलं, ‘ऋणनिर्देश’ हा शब्दही न अडखळता म्हटला. मग समोर सतरंजीवर बसलेली मैत्रीण दिसली. ती मान खाली घालून सतरंजीचा धागा उसवत होती. दिवाळीला चारच दिवस होते.

मी म्हटलं, “मी चिठ्ठीत चुकीचं लिहिलं होतं. आम्हाला गेट नको होतं. मुलींच्या मुतारीला दार नाही. आम्ही छत्री धरतो. म्हणून मुली पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. मुतारीला दार पाहिजे, आतून कडीवालं. धन्यवाद.”

मागे मुलं फिदीफिदी हसली. कुणीतरी माइक बंद केला, पण तोवर बोलून झालं होतं. दुसऱ्याच दिवशी व्यासपीठाची प्रतिष्ठा राखली नाही म्हणून माझं पद काढून घेतलं. आईने वाटलेले पेढे परत मागायचे तेवढे राहिले. इतिवृत्तात त्या दिवसाखाली लिहिलं गेलं, ‘आभारप्रदर्शन होऊन कार्यक्रम संपन्न झाला.’

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा बाकावर मी एकटी होते. दुसऱ्या दिवशीही एकटीच. मागे मुतारीकडे जायचं मी टाळत होते, पण डब्याच्या सुट्टीत मुलींचा घोळका तिकडे धावला म्हणून मीही गेले. दार बसवलेलं होतं. कुणी बसवलं, कुणाच्या सांगण्यावरून, ते कधी कळलं नाही. नवं नव्हतं. आमचंच जुनं दार होतं ते, सिंहासनाचं, नाटकाच्या खोलीतून काढून परत बिजागरीत अडकवलेलं. सोनेरी कागदसुद्धा खरवडायची तसदी कुणी घेतली नव्हती. म्हणजे दार सगळा वेळ शाळेतच होतं. त्याला मेळावा नको होता, रोहा नको होतं, दोन बिजागऱ्या हव्या होत्या. आतून नवी कडी होती.

निरोप पाठवायला तिच्या गावात कुणाकडे फोन नव्हता. धरमतरकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला मी चिठ्ठी दिली. या वेळी सरळ लिहिलं: ‘मुतारीला दार बसलं. ये.’ कंडक्टरने ती माझ्यासमोरच वाचली. वाचू दे म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ती आली, पहिला तास संपता संपता, घामाघूम. बाकावर दप्तर टाकलं, सरळ टाकीपाशी गेली आणि उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्याली. मधल्या सुट्टीत आम्ही मागे गेलो. ती आत शिरली, कडी लागल्याचा आवाज आला. मी नेहमीप्रमाणे छत्री उघडली आणि दाराला पाठ करून उभी राहिले.

आतून तिचा आवाज आला, “अजून हायेस काय तथं? जा ना गो!”