खांदा आला

माझ्या सासऱ्यांनी मला भर अंगणात बैलांच्या रांगेत नेऊन उभं केलं, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर एक दुपार रागावले होते. एकच दुपार. पुढचं सांगायची मला इतकी घाई झाली आहे की आधी माणूस कोण ते सांगायचंच राहील, म्हणून ते उरकून घेते.

कोंडिबा त्यांचं नाव, मी मामा म्हणते. वय बहात्तर. मारुंजीतल्या आमच्या घरात खाली आम्ही राहतो आणि वरच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी भाडेकरू पोरं. शेत बरंचसं सोसायटीखाली गेलं, पण मामांच्या डोक्यातले बैल काही गेले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी गाडी हाकली. पेंढा, विटा, वाळू, एकदा तर म्हणे कुणाची अख्खी पिठाची गिरणी. शेवटची जोडी जाऊन नऊ वर्षं झाली, तरी रस्त्यात टेंपो भरताना दिसला की हे थांबणार आणि परक्या माणसाला सांगणार, "फुडं सरकव जरा." टेंपोवाले आता त्यांना बघूनच माल पुढे सरकवतात. मामांचं बोलणं तोडून टाकल्यासारखं. कौतुक तर असं जपून वापरतात, जणू रेशनवर मिळतं.

माझं काम फोटोचं. लग्नं, बारशी, आणि तीन वर्षांपासून बैलगाडा शर्यती. घरात मात्र त्याला रेश्माचा नाद म्हणतात. नवरा, इंद्रजित, कंपनीची बस चालवतो, ते काम. सासूबाई, सारजाबाई, तांदूळ निवडतात, तेही काम. मी पहाटे उठून साडेतीन किलोचं धूड गळ्यात अडकवून दिवसभर उन्हात उभी राहते, तो नाद. मला याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर यंदा कासारसाईच्या यात्रेत कमिटीने मला निशाणापाशी उभं राहायला बोलावलं. गाडा जिथे पोचला की घड्याळ थांबतं, ते निशाण. आजवर तिथे पुण्याहून माणूस यायचा. बाऱ्या ऐंशी, म्हणजे ऐंशी गाडे एकामागून एक सुटणार, आणि प्रत्येकाचा फोटो आलाच पाहिजे. एक जरी चुकला तर तो गाडामालक मला पंचक्रोशीत तोंड दाखवू देणार नाही. निरोप आला त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. अडचण एकच होती, मान.

साडेतीन किलो म्हणजे काही फार नाही, तेवढे बटाटे कुणीही आणतं. पण बटाटे आणून खाली ठेवतात. कॅमेरा आणि त्याची ती लांब लेन्स सहा-सहा तास मानेला लोंबते, आणि मग उजव्या हाताला मुंग्या येतात. नेमकं बटण दाबायचं बोट बधिर होतं. मी तीन पट्टे बदलले. कॅमेऱ्यासोबत आलेला सुतळीसारखा रुतायचा. ऑनलाइन मागवलेला गुबगुबीत रबरी पट्टा ताणला जायचा, चार पावलं टाकली की कॅमेरा पोटावर उड्या मारायचा. तिसरा चामड्याचा, दिसायला नुसता राजबिंडा, घाम आला की घसरायचा.

शर्यत परवावर आली. मी अंगणात मानेला मलम चोळत बसले होते. मामा चहाचा कप घेऊन मागून गेले आणि थबकले.

"पोरी, तुजा खांदा आलाय."

बैलाला जू नीट बसलं नाही की मान सुजते, कातडं सोलवटतं. त्याला खांदा आला म्हणतात. माणसाला कुणी म्हणत नाही.

"आन् खांदा आलेल्याला आमच्यात जुंपत न्हाईत," मामा म्हणाले. "परवा जायचं न्हाई."

माझं डोकं सणकलं. "मामा, मी काय बैल हाय का?"

"बैल असतीस तर बरं झालं असतं. बैल दुखलं की मान काढून घेतो. तू हसत जातीस."

मी आत जाऊन भांडी आपटली. दुपारभर आपटली. मला वाटलं, सुनेने चार लोकांत उभं राहू नये म्हणून हा मानेचा बहाणा. चार वाजता बाहेर आले तर मामा टोपी घालून तयार, आणि माझा कॅमेरा कुणा दुसऱ्याच्या लेकराला धरावं तसा दोन्ही हातांत धरलेला.

"चल," ते म्हणाले. "जू बदलूया."

आमच्या चौकात नरहरीचं सीट कव्हरचं दुकान आहे. रिक्षा, टेंपो, मोटारी, बसायचं काहीही असो, नरहरी त्यावर रेक्झिन चढवतो. त्याने कॅमेरा हातात तोलून पाहिला आणि छाती फुगवली. "वहिनी, आसा फोम टाकतो की गळ्यात झोप लागंल."

"तिला निजवायची न्हाई, चालवायचीय," मामा म्हणाले. "जू लाकडाचं आसतंय. त्याला कुनी गादी लावली का कदी? मऊपना ऱ्हाऊदे. वजन कुटं बसतंय ते बग."

मग मामांनी कॅमेरा पट्ट्याने धरून हवेत लोंबता सोडला. लेन्सचं तोंड धप्पकन खाली गेलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ओशाळल्यासारखं झालं. गाडीत माल पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलाच्या मानेवर येतो, मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू गळ्याला वर ओढतं. हे त्यांनी मला घरात शंभरदा ऐकवलं होतं आणि मी शंभरदा "हं" म्हटलं होतं. माझा पट्टा कॅमेऱ्याच्या कानांना अडकवलेला, आणि वजन सगळं लेन्समध्ये. माझी गाडी पहिल्यापासून पुढे जड होती.

लेन्सच्या पोटाला स्टँडवर बसवायचा एक पाय असतो. मामांनी त्या पायाखाली बोट घातलं. कॅमेरा सरळ राहिला, इकडे नाही की तिकडे नाही.

"हितं अडकव," ते नरहरीला म्हणाले.

नरहरीलाही मग चेव आला. भंगारातल्या मोटारीचा सीटबेल्ट त्याने काढला, कारण तो ताणत नाही. खांद्यावर येणारा भाग चार बोटं रुंद केला, खाली पातळ आणि घट्ट अस्तर. पट्टा डाव्या खांद्यावरून तिरपा उजव्या कमरेला, म्हणजे मान मोकळी. लेन्सच्या पायाला पेचाची कडी, आणि कडी दगा देईल म्हणून सोबत एक बारीक दोरी. पहिला शिवला तो आखूड झाला, कॅमेरा काखेत यायला लागला. दुसरा मांडीवर आपटायला लागला. तिसरा घालून मामांनी मला भर रस्त्यात चालवलं. स्वतः फुटपाथवर उकिडवे बसले, कारण जनावर घ्यायचं तर चाल मागून बघावी लागते म्हणे. टेंपो थांबले. आमचीच भाडेकरू पोरं वडापाव खात उभी राहिली.

"वाक. वळ. आता पळ," मामा सांगत होते.

मी पळाले. कॅमेरा कमरेला चिकटून आला, एकदाही आपटला नाही. मला इतका आनंद झाला की मी चौकाच्या पार पलीकडे पळत गेले आणि परत आले. मामा उठले, गुडघे झटकले.

"चालंल," ते म्हणाले. रेशनवरचं होतं, पण मिळालं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे मामा माझ्या आधी गाडीत बसले होते. विचारलं तर म्हणाले, बैल बघायला येतोय. पहिली बारी सुटली आणि मग मला श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही. पुढे घोडी, मागे चार बैल, त्यामागे धुळीचा लोट, लोकांची आरोळी छातीत घुमतेय, आणि मी कमरेवरून कॅमेरा उचलते, फोटो, सोडते, पुन्हा उचलते. दहा, वीस, चाळीस. साठाव्या बारीला मी मुंग्यांची वाट पाहत होते, दरवेळी तेवढ्यातच यायच्या. आल्या नाहीत. सत्तरावीला विसरूनच गेले. ऐंशीव्या बारीत चारही बैलांचे पुढचे पाय एकदम उचललेले, निशाण बरोबर शिंगांवर, आणि बोट माझं ताजं. मिळाला. कमिटीच्या माणसाने पडद्यावर पाहिला आणि पुढच्या वर्षाची जागा तिथेच सांगून टाकली.

मामा गर्दी सारत आले. मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी आधी माझी मान पाहिली, मग खांदा, आणि मग फोटो.

"डाव्या अंगाचा जरा लंगडतोय," फोटोतल्या बैलाकडे बोट करून म्हणाले. बस, इतकंच.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. मी ओट्यावर टेकले. इंद्रजित फोटो बघत होता, मी त्याला ऐंशी बाऱ्या ऐंशी वेळा सांगत होते. मामा आत गेले आणि वाटी घेऊन आले. लोणी आणि हळद. सुनेच्या खांद्याला हात कसा लावणार, म्हणून वाटी त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली.

सासूबाई वाटीकडे बघतच राहिल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी बैलांचे खांदे असे मळतात, वर्षभर राबले म्हणून. आमच्या घरात नऊ वर्षं कुणाचे मळले नव्हते.

"आवो, आज काय पोळा हाय व्हय?"

"मळ तिचा खांदा," मामा म्हणाले. "आन् उद्या तिला कसलंबी काम सांगू नगंस. लई वढलंय तिनं."

सासूबाईंनी माझा पदर बाजूला केला. लोणी गार होतं. मी मान खाली घातली आणि मला रडू आवरेना.