दर्शनाने बेतलेला पत्रा

दर्शना पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती माझं माप घेताना. डोंबिवलीत आमच्या इमारतीमागच्या चाळीत ती ब्लाऊज शिवते. पाठीवर टेप धरून, तोंडातल्या टाचण्या न काढताच ती म्हणाली, "बाई, उजवा खांदा वर आहे तुमचा. फळ्यावर लिहून लिहून झाला असणार." माझ्या घरातही कुणाच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

तिचा नवरा रतन स्वतःच्या जुन्या व्हॅनमधून एका बेकरीचा पाव ठाण्याला पोचवतो. गेल्या थंडीत त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली. डोळे लाल असायचे, डोकं दुखायचं, गाडीतून उतरताना झोक जायचा. शेजारच्या विकीने तर चाळभर केलं, "रतनदादा शीळफाट्याला टाइट होऊन बसलेला. सकाळी सकाळी!" रतन आईची शपथ घेऊन सांगायचा, थेंबही घेतला नाही. कोण ऐकणार? बेकरीवाल्याने बजावलं, पुन्हा असं दिसलं तर दुसरा माणूस बघीन.

एका दुपारी ब्लाऊज आणायला गेले, तर लांबूनच ठणठण ऐकू आली. ओट्यावर दर्शना फतकल मारून बसलेली, पुढ्यात लाकडी पाट, पाटावर पत्रा, पत्र्यावर शिंप्याच्या खडूच्या रेघा. हातात हातोडी.

"अगं, हे काय मांडलंयस?"

"गाडीचं इंजिन झाकायचा पत्रा, बाई. जुना पार सडलाय. गाडी एवढी जुनी की बाजारात मिळत नाही."

"पण तू कशाला?"

"मग कोण? काळुराम मेकॅनिक म्हणतो, टेप चिकटवून देतो." तिने हातोडी ठेवली, आत जाऊन रतनची पँट आणली आणि माझ्या हातात दिली. "वास घ्या."

मला संकोच वाटला, पण घेतला. डाव्या पायाला गाडीच्या धुराचा उग्र वास होता. उजव्या पायाला जवळजवळ नाहीच.

"रोज धुते ना मी, म्हणून कळलं. इंजिन त्यांच्या डाव्या बाजूला, सीटखाली. थंडीमुळे काचा बंद. आणि सुट्टीच्या दिवशी यांचं डोकं कधीच दुखत नाही."

बंद गाडीत हा माणूस रोज धूर पीत होता आणि सगळी चाळ त्याच्या तोंडाला दारूचा वास शोधत होती!

"त्याला गाडी चालवू देऊ नकोस गं," मी म्हणाले.

"चावी माझ्या बटव्यात आहे. त्यांचा भाऊ उद्यापर्यंत टेम्पोने पाव नेतोय. परवा गाडी निघाली नाही तर काम गेलं."

वर्तमानपत्र कापून तिने आधी फर्मा केला होता. कडांना दुमडायला माया सोडली होती. चारही कडा वळवून झाल्यावर रतन गाडीतली बोल्टची जागा मोजून आला आणि म्हणाला, "बोल्टची भोकं उलट्या बाजूला आलीत."

दर्शनाने तोंडावर हात ठेवला. तिला कापड दुमडून कापायची सवय. डावी बाजू कापली की उजवी आपोआप मिळते, मग फर्मा उलटा पडला तरी बिघडत नाही. पत्रा सपाट असता तर पालथा करून लावला असता. आता पालथा केला तर खाली वळवलेल्या कडाच वर आल्या असत्या.

"ब्लाऊज आहे का हा, उसवून परत शिवायला?" रतन म्हणाला.

"गप्प बसा हो. डोकं दुखेल तुमचं."

दुसरा पत्रा काळुरामनेच आणून दिला. यावेळी तिने फर्म्यावर खडूने 'वर' असं मोठं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काळुरामने सीट उचलली आणि जुना पत्रा ओढला. तो त्याच्या हातात खपल्याखपल्यांनी आला. त्याने गाडीखाली दिवा धरला. खालच्या धुराच्या पाइपचा जोड फुटून काळा झाला होता, आणि दिव्याचा उजेड तिथून थेट रतनच्या बसायच्या जागेत येत होता. टेप चिकटवून देतो म्हणणारा काळुराम पांढराफटक पडला.

"वहिनी, अजून काही दिवस काचा लावून चालवली असती तर..." तो म्हणाला.

रतन काळुरामच्या हातातल्या गंजाच्या खपल्यांकडे बघत उभा होता. "मला तर वाटायला लागलेलं," तो हळूच म्हणाला, "मीच झोपेत उठून पितो की काय."

विकीही तिथेच होता.

काळुरामने आधी पाइपचा जोड बदलला, मग दर्शनाचा पत्रा बसवला. बोल्ट भोकांत सरळ गेले. दुपारी काचा लावून इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, मग दार उघडून दर्शनाने आत डोकं घातलं, खोल श्वास घेतला, आणि मगच चावी रतनच्या हातात दिली.

रतन आजही सकाळी पाव घेऊन ठाण्याला जातो. दर्शना ब्लाऊजच शिवते. पत्र्याला तिने पुन्हा हात लावलेला नाही.