बोर्डाची उत्तरपूजा

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सरावासाठी मला मुलुंडची एक मराठी शाळा मिळाली. तिथे सातवीच्या वर्गात एक डिजिटल बोर्ड होता. चाकांच्या स्टँडवर उभा, माझ्याहून उंच, आणि वर फुलाफुलांच्या कापडाचं शिवलेलं कव्हर. आमच्या घाटकोपरच्या घरी लग्नात मिळालेल्या मिक्सरला असंच कव्हर होतं आणि आई तो मिक्सर फक्त पाहुणे आले की काढायची. बोर्डाचंही तसंच चाललं होतं. शाळेची तपासणी असली की तो उघडायचा, एरवी मुलं त्याला टेकून डबे खायची.

मला तो बघून अगदी राहवेना. कॉलेजात शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचा एक अख्खा पेपर आम्हाला होता, पण त्यात आम्ही बोर्डाचे फायदे-तोटे लिहायचो. फायदे जास्त लिहायचे, तोटे कमी, म्हणजे मार्क बरे पडतात. प्रत्यक्ष बोर्ड मी इथे पहिल्यांदा बघत होते. वर्गशिक्षिका बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काय करायचंय ते कर. बिघडला तर मला सांगायला येऊ नकोस." बाई निवृत्तीला आलेल्या, कडक, आणि खडूशिवाय दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता.

मग रोज मधल्या सुट्टीत मी आणि तो बोर्ड. सुरुवातीला लिफ्टचं बटण दाबावं तसं बोट दाबत होते. मग कळलं, टेकवलं तरी पुरतं. एकदा पुसायला वळले तर ओढणीचं टोक काचेला लागलं आणि त्याचीही निळी रेघ उमटली. मोबाइल असं करत नाही. मोबाइलला बोटच लागतं, ओढणीला तो भीक घालत नाही. मग याला ओढणी कशी कळते? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. घरी जेवतानाही मी त्यावरच बोलत होते. मालवणहून आलेली आत्या सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे तू टीव्हीर शिकवतलंस? आणि पोरा काय बघतली, तुका की टीव्हीक?" सगळे हसले.

दसऱ्यानंतर माझा परीक्षेचा पाठ होता. आमच्या कॉलेजच्या मॅडम वर्गात मागे बसून तो बघणार होत्या. तंत्रज्ञानाचा पेपर त्याच शिकवायच्या, त्यामुळे बोर्ड वापरून घेतलेल्या पाठात काय चुकतं ते त्यांना बरोबर कळणार, अशी आम्हा सगळ्या पोरींना धास्ती होती. पाठ पसंत पडला नाही की पुन्हा घ्यावा लागायचा, आणि ती गोष्ट कॉलेजभर व्हायची. मी विषय घेतला पचनसंस्था. बोर्डावर माणसाची आकृती, बाजूला सुटे अवयव, मुलांनी पुढे येऊन जठर, यकृत, आतडी ओढून जागेवर बसवायची. दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी मी तो पाठ इतक्यांदा करून बघितला की जठर झोपेतही बसवलं असतं.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन झालं. पाट्या, पुस्तकं, प्रयोगशाळेतला तराजू, सगळ्यांची पूजा. बोर्डालाही झेंडूचा हार घातला, आणि बाईंनी स्वतः त्याच्या चौकटीला वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकू लावलं. मी हात जोडले. मनात म्हटलं, बाबा, माझी लाज राख.

पाठाच्या दिवशी हार काढलेला होता, काच लख्ख पुसलेली होती. मॅडम मागच्या बाकावर बसल्या, बाई खिडकीपाशी. मी एका मुलीला बोलावलं. तिने जठरावर बोट ठेवलं, खाली ओढलं, आणि जठर सुटलं ते थेट वरच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

"टीचर, पोट पळालं!" वर्ग खदखदून हसला.

मी स्वतः करून बघितलं. पुन्हा तेच. यकृतही कोपऱ्यात. बोर्ड बंद करून चालू केला, तरी तेच. मॅडमनी चष्मा वर केला. माझी वाट लागली होती. पण खरं सांगायचं तर त्या घाबरण्याच्या आत कुठेतरी मला भयंकर मजाही वाटत होती, की कोपऱ्यातच का?

मी मुलांनाच विचारलं. "बोर्ड तिकडेच का ओढतोय रे?"

"कोणीतरी तिथे बोट ठेवलंय असं त्याला वाटतंय," एक मुलगी म्हणाली.

"पण बोट तर नाहीये ना!" मागून एक जण ओरडला.

मग मी पाठ बाजूला ठेवला आणि आम्ही बोर्डाला बोट म्हणजे काय काय वाटतं ते बघायला लागलो. पेन्सिल लावली, रेघ आली. खोडरबर, आली. डब्यातला चमचा, कोपर, वेणीचं टोक, सगळ्याची रेघ. मग एकाने काचेला न टेकता अगदी जवळ बोट धरलं, तरीही रेघ आली. म्हणजे याला स्पर्श कळतच नव्हता! चौकटीतून काचेवर न दिसणारा प्रकाश फिरत असणार आणि तो जिथे अडतो तिथे याला बोट दिसतं. ओढणीचं कोडं सुटलं आणि मी मुलांसमोर टाळीच वाजवली. मग त्या कोपऱ्यात प्रकाश कशाने अडतोय? सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. हळदीकुंकू ओघळून चौकटीच्या आतल्या काळ्या पट्टीवर वाळलं होतं.

मी ओलं फडकं घेऊन पुढे झाले, तर पहिल्या बाकावरच्या मुली "टीचर, नको!" म्हणून ओरडल्या. बाईही उठल्या. "पूजेचं कुंकू असं पुसतात का गं? म्हणून तर मी नुसती काच पुसली."

सगळा वर्ग बाईंकडे बघत होता. मी फडकं धरून तशीच उभी. बाई पुढे आल्या, बोर्डाला नमस्कार केला, स्टँड धरून चाकांवर तो वीतभर सरकवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पुनरागमनाय च." घरोघरी गणपती हलवताना म्हणतात ते. "झाली उत्तरपूजा. आता पूस."

पुसलं. मुलीने जठर ओढलं आणि ते जागेवर बसलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली.

मुलं पांगली, बाईही त्यांच्यामागून गेल्या. मॅडम माझ्यापाशी आल्या. "पाठ झालेला नाही. आतड्यांपर्यंत तू पोहोचलीच नाहीस. पुन्हा घ्यावा लागेल."

मला कळत होतं की त्यांचं बरोबर आहे, तरी डोळे भरून आलेच. "हो मॅडम," एवढंच म्हटलं.

त्या गेल्या नाहीत. दाराकडे एकदा बघून त्यांनी हळूच विचारलं, "नुसतं बोट टेकवायचं?"

"हो."

"जोरात?"

"नाही, हलकं."

त्यांनी बोट टेकवलं. वाकडीतिकडी निळी रेघ उमटली. त्यांनी लहान मुलीसारखा हात मागे घेतला आणि पुन्हा टेकवला. मग चष्म्याचं घर काढून त्याने रेघ ओढून बघितली, पदराच्या टोकाने बघितली.

"इतकी वर्षं शिकवतेय गं हा पेपर," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "कुणाला विचारणार?"

मला त्यांच्याविषयी एकदम माया वाटली. पाठ नापास झाल्याचं दुःख होतंच, पण ते थोडं मागे सरकलं. मी पचनसंस्थेची आकृती पुन्हा उघडून दिली. त्यांनी सगळे अवयव एकेक करून जागेवर बसवले, लहान आतडं दोनदा चुकलं, आणि मग पर्स उचलली.

"शुक्रवारी घे पाठ," त्या म्हणाल्या. "मी जरा लवकर येते. तूही ये."