पंप, मोटर, फरसाण

मुलुंडच्या कंपनी कॉलनीतून आमचा टेम्पो निघाला तेव्हा बाबा ड्रायव्हरशेजारी बसले होते, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन. कारखाना बंद झाला होता, खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. शेजारचे साळवीकाका, बाबांचे खात्यातले जोडीदार, मात्र हलायला तयार नव्हते. ते गेटवरून ओरडले, "जा रे, जा! मानखुर्दला फरसाण तरी ताजं मिळतं का बघ!" बाबा हसले नाहीत.

आमची कंपनी पंप बनवायची. मग पंपाच्या मोटरी बनवू लागली आणि चांगली चालली, कारण मोटर कुठे दगा देते हे पंपवाल्यांना ठाऊक होतं. त्यावरून मालकांना वाटलं, आपल्याला काहीही जमतं. फरसाणाचा कारखाना निघाला, मग डोंगरात रिसॉर्ट. पंपाचा नफा तिकडे गेला. माणसंही गेली. बाबांच्या खात्यातले तरबेज फिटर शेवेची यंत्रं सांभाळायला पाठवले.

स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपावर टेकवून, मूठ कानाला लावून बाबा बेअरिंग ऐकत आणि मगच पंप पास करत. असे कान पाच जणांचे होते. खात्यात दोघेच उरले, बाबा आणि साळवीकाका. दोघांना सगळे पंप पुरेनात; उरलेले पंप न ऐकताच बाहेर पडले आणि गिऱ्हाइकांकडून परत आले.

हे मालकांचं पाप, असं मी कॉलेजात ठणकावून सांगायचे. एक गोष्ट गाळायचे. त्या बदल्यांना युनियनने होकार दिला होता, आणि होकाराचं पत्रक मी लिहिलं होतं. बाबा चिटणीस, मी दहावीत, पत्रकांवरच वाचायला शिकलेली. "धंदे वाढतील, तर आपल्या पोरांच्या नोकऱ्या वाढतील!" बाबा म्हणाले होते, "आधी खात्यात येऊन बघ गं, मग लिही." मी गेले नाही. वाक्य झकास होतं ना! त्यांनीही ते छापू दिलं. गेटवर टाळ्या पडल्या. पुढे फरसाण बुडालं, रिसॉर्ट बुडालं, आणि त्यांचं ओझं वाहता वाहता पंपही.

बाबांना आता कमी ऐकू येतं. इथे मानखुर्दला, इमारतीच्या टाकीजवळचा पंप ते मला ऐकायला लावतात. गेल्या रविवारी मूठ कानाला लावली. आत खरखर होती.

"बरा आहे ना?" चेहऱ्यावर तीच आशा, पत्रक छापून आलं त्या दिवशीची.

"नाही, बाबा. बेअरिंग गेलंय."

त्यांनी पेटी उघडली.

साळवीकाका, खोली सोडावी म्हणून कंपनीने तुमचं पाणी तोडलंय, आणि तुम्ही माझ्याकडेच पत्रक मागितलंय. लिहिते. पण या वेळी आधी येते, तुमच्या कोरड्या नळापाशी बसते. आपण जिंकू, असं त्यात लिहिणार नाही, कारण तसं मला दिसत नाही. इथे मानखुर्दला मी राहते. घर अजून तिकडेच आहे, त्या गेटशी, जिथे माझ्या एका वाक्यावर माणसं हो म्हणाली. तिथे मला जाब द्यायचाय.