जिभेचं भाडं

सेतुमाधवच्या दुकानात विकायला काहीच नव्हतं आणि तरी आजोबांपासून त्याचं घर त्या दुकानावर चाललं होतं. तंजावूरच्या मेलवीथीमागच्या गल्लीत त्याच्याकडे भाड्याची भांडी मिळत. पोर आत उभं राहील एवढे हंडे, पितळी पसरट उरुळ्या, पराती, झारे, पळ्या. लग्न, मुंज, बारसं, घरात काहीही निघालं की माणूस त्याच्या पायरीवर हजर. गावातले तमिळ लोक त्याला रायर म्हणत, मराठी घरं सेतुअण्णा. तो काही आळशी नव्हता, पण दगदग त्याला मानवत नसे. भांडी जातात, भांडी येतात, मधल्या वेळात माणसाने पान खावं आणि चार लोकांशी बोलावं, यापरतं सुख नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्या घरांतली जुनी रीत. सेतुमाधवची आजी शेजाऱ्यांना भांडी नुसतीच देई, तेव्हा ती पाळली जायचीच. पुढे आजोबांनी भाडं घ्यायला सुरुवात केली, पण रीत सुटली नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर तूप ठेवायचं एक झाकणाचं तपेलं बिनभाड्याचं जाई आणि परत येताना त्यात कार्यातल्या जेवणाचा वानवळा येई. कधी सांबार, कधी वांग्याची रसवांगी, कधी तुपात भिजलेली पोळी. सेतुमाधव आणि त्याची बायको सुप्रभा ते दुपारच्या पानात घेत. असं घरबसल्या चाखून चाखून गावातल्या कोणत्या आचाऱ्याचा हात कसा आहे, हे दोघांना पाठ झालं होतं. भांडी न्यायला आलेला माणूस साहजिकच विचारी, आचारी कोण बोलावू? सेतुमाधव पानाचा डबा पुढे करावा तितक्या सहज एखादं नाव पुढे करी. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालानंतर मात्र दिवस पालटले. लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, गावात नवे कल्याणमंडप, लग्नाचे हॉल, उभे राहिले आणि मंडपाच्या भाड्यातच भांडी, गॅसच्या शेगड्या, टेबलं-खुर्च्या असं सगळं येऊ लागलं. सेतुमाधवच्या हंड्यांवर धूळ साचली. भांडी वाहणारा सांबशिव तीनचाकी सायकल सावलीला लावून तिच्यातच घोरत पडे. गंमत अशी की माणसं तरीही दुकानात येत. भांडी नको असत. आचारी कोण चांगला एवढं विचारत, पान खात आणि चालू पडत.

सुप्रभाने एक दिवस ताक घुसळता घुसळता त्याला सुनावलं की ज्याचं भाडं मिळत होतं ते लोकांना नको झालंय आणि लोक ज्यासाठी येतात त्याचं आपण काहीच घेत नाही. सेतुमाधवला ते पटलं. पण शब्दाचे पैसे मागायचे तरी कोणत्या तोंडाने? त्याला नुसत्या विचारानेच लाज वाटे.

ती लाज राजगोपालने दूर केली. राजगोपाल आचारी, सेतुमाधवचा शाळेपासूनचा दोस्त आणि हात खरोखरच चांगला असलेला माणूस. त्याने साधा तोडगा काढला. तू माझं नाव सांगत जा, मी दर कार्यामागे तुझा वाटा पोचवत जाईन, गिऱ्हाइकाला कळायचंही कारण नाही. सेतुमाधव खूश झाला. काही महिने झकास गेले, सुप्रभाच्या स्वयंपाकघरात नवी मिक्सी आली.

मग राजगोपालने रांधलेल्या एका मुंजीचं तपेलं आलं. सांबार तळाला लागलेलं. सुप्रभाने एक घास खाऊन भात बाजूला सारला. वास सेतुमाधवलाही आला होता, पण गर्दीत असं व्हायचंच म्हणत त्याने पुन्हा वाढून घेतलं. पैसे एकदा कनवटीला लागले की जीभसुद्धा देणाऱ्याची बाजू घेते. सुप्रभा आपलं पान घेऊन उठली.

त्यानंतर तिरुवैयारूच्या नागलक्ष्मीबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, सेतुमाधवच्या आईच्या मैत्रीण. यजमानांची सत्तरीची शांत घरीच करायची होती, भांडी हवी होती आणि आचारीही. सेतुमाधवने न अडखळता राजगोपालचं नाव सांगितलं.

कार्य झाल्यावर सांबशिवने भांडी आणून उतरवली. तुपाचं तपेलं रिकामं होतं. घासलेलं, पुसलेलं, वर झाकण नीट बसवलेलं. बाईंनी ते स्वतःच्या हाताने घासलं, बोलल्या काहीच नाहीत, असं सांबशिव म्हणाला. सेतुमाधवच्या आठवणीत ते तपेलं कधी रिकामं आलं नव्हतं. त्याचे कान शरमेने तापले. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला इतकं लागलं नसतं. त्याने दुकान सुप्रभावर सोपवलं आणि तिरुवैयारूची बस धरली.

बाईंनी आधी कॉफी दिली, मग झालेलं सांगितलं. राजगोपालने त्याच दिवशी मंडपातलं मोठं लग्न घेतलं होतं आणि इथे हाताखालची दोन माणसं पाठवून दिली होती. भात कच्चा, रसम म्हणजे गरम पाणी. व्याही मंडळी अर्ध्या पानावरून उठली.

"मी त्या राजगोपालला ओळखत नाहीं, सेतु," बाई म्हणाल्या. "मी तुला विचारलें होतें."

सेतुमाधवला राहवलं नाही. राजगोपालकडून आपल्याला पैसे मिळतात, हे त्याने सांगून टाकलं. बाईंनी त्याचा कॉफीचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"तुझ्या जिभेचें भाडें मीच दिलें असतें," त्या म्हणाल्या. "तू कधी मागितलेंस नाहीं."

परतल्यावर त्याने राजगोपालला वाटा बंद करायला सांगितलं. राजगोपाल भडकला. आजकाल सगळे असंच करतात, तूच कुठला लागून गेलास म्हणाला आणि यायचा बंद झाला. सेतुमाधवला ते फार लागलं. पान लावताना हात आपसूक दोन विडे करी.

पण त्याने आता नवा नेम केला आणि तो बदलला नाही. पैसे घ्यायचे ते कार्य असलेल्या घराकडून, आचाऱ्याकडून कधीच नाही. आचारी तो निवडणार, पहाटेपासून चुलीपाशी उभा राहणार, पान मांडायच्या आधी प्रत्येक पदार्थ चाखणार आणि जेवण बिघडलं तर काही घेणार नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला हे सांगताना त्याला घाम फुटला. लोक हसले. खाऊन वर पैसे घेणारा रायर, असं गल्लीत त्याचं नाव झालं. पण पोरं मद्रास-बंगळूरला नोकरीला गेलेली, घरात धावपळ करायला माणूस नाही, अशा घरांना हे हळूहळू सोयीचं वाटू लागलं. त्याला बोलावणाऱ्यांना भांडी तो आता तशीच देई. जे भाड्याने जाई ते फुकट झालं आणि जे फुकट होतं त्यावर घर चालू लागलं. सुप्रभा यावर अजून हसते.

दोनेक वर्षांनी एका सकाळी राजगोपाल खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला. त्याच्या मुलीचं, शांभवीचं लग्न ठरलं होतं. सुप्रभाने कॉफी आणली, ती त्याने उभ्यानेच घेतली. गावातले सगळे आचारी आपल्या ओळखीचे, सगळे हौसेने येतील आणि मीठ कमी पडलं तरी कोणी तोंडावर सांगणार नाही, असं तो खाली बघत म्हणाला.

"मी बापाच्या जागीं उभा राहणार. चुलीकडे कोणी बघायचें?"

त्याने विड्याची पानं आणि त्यांवर पैसे पुढे ठेवले. तुझ्याकडून कसले पैसे म्हणत सेतुमाधवने ते मागे सारले.

राजगोपालने ते पुन्हा पुढे केले.

"घे, सेतु. फुकट सांगितलेंस तर मला खरें वाटायचें नाहीं."