परिस्थितीत कालवश

दानम्माच्या खानावळीत भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते बसवेश्वराच्या चित्रासाठी. काळ मोजायला तिला एकच खुंटी पुरायची: ॲक्शन. तिचं लग्न ॲक्शनच्या आधी दोन वर्षं झालेलं, पोरगा सिद्धेश्वर ॲक्शननंतर पाच महिन्यांनी जन्मलेला, आणि बहात्तरचा दुष्काळ ॲक्शननंतर चोविसाव्या वर्षी पडलेला. अठ्ठेचाळीस साली दिल्लीच्या सरकारनं निजामाच्या राज्यात फौज घातली, चार-पाच दिवसांत राज्य गुंडाळलं आणि जगाला सांगितलं की हे युद्ध नव्हे, ही पोलीस ॲक्शन. जगाला ते पटलं की नाही देव जाणे. आमच्याकडच्या लोकांनी मात्र शब्द उचलला आणि साल म्हणून वापरायला काढला.

गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. अहमदपूरहून लातूरला जाताना लागतं, एवढं पुरे. ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्यांतले काही अजून नोकरीत आहेत. दानम्मा नांदायला आली तेव्हा हे गाव बिदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत गेलं आणि ब्याऐंशी साली नव्या लातूर जिल्ह्यात आलं. तीन जिल्हे झाले, बाईची चूल जागची हलली नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, झुणका आणि ताक. कचेरीतले सगळे कारकून दुपारी तिथंच जेवायचे, त्यामुळे सरकारची भाषा तिच्या कानावर ताज्या-ताज्या पडायची.

नव्या जिल्ह्याच्या त्या वर्षी पावसानं दडी मारली. विहिरींचे तळ दिसायला लागले आणि माणसं लातूरच्या स्टँडवर बोचकी घेऊन बसायला लागली. दानम्मा वाढता वाढता म्हणाली, "दुष्काळ पडला म्हनायचा."

अव्वल कारकून बसवंतनं हातातला घास खाली ठेवला. "दुष्काळ म्हणू नका, अव्वा. वरून शब्द आलाय. टंचाईसदृश परिस्थिती."

"म्हंजे काय?"

"म्हणजे टंचाई नाही, पण टंचाईसारखं काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं बसवंतच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. त्यानं वर पाहिलं तशी म्हणाली, "भाकर हाय बाबा. भाकरसदृश हाय." सगळी पंगत हसली. बसवंतही हसला, पोरगा मनानं चांगला होता. पण दुसरी अर्धी मागायला त्याची जीभ रेटली नाही.

मागच्या पडवीत बसून तिच्या मिरच्या कांडायला चांदबी यायची. दोघी एका वयाच्या, एकाच महिन्यात विधवा झालेल्या. चांदबीचा नवरा मदारसाब कापूस पिंजायचा; अर्ध्या गावाच्या गाद्या त्याच्या हातच्या. दानम्माला कुणी विचारलं तर ती सांगायची, "माझे मालक ॲक्शनमंदी गेले, हिचा गडबडीत गेला." गावात सगळेच असं म्हणायचे. चांदबी मान खाली घालून मुसळ चालवायची.

नवा जिल्हा झाला म्हटल्यावर उत्साहाला ऊत आला. लातुरात पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, आणि आमच्या गावात एक समिती निघाली. सतरा सप्टेंबरला, म्हणजे निजाम शरण आला त्या तारखेला, चौकात स्मृतिस्तंभ उभा करायचा, त्यावर अठ्ठेचाळीस साली गेलेल्या गावकऱ्यांची नावं कोरायची. अध्यक्ष झाले कापडदुकानवाले वीरण्णाअप्पा, वयानं आणि वजनानं गावातले थोर. सचिव झाला त्यांचा मुलगा, म्हणजे आपला बसवंत, कारण लिहिता येणारा माणूस घरातला असला की बरं पडतं.

दानम्मानं त्या दिवशी चूल लवकर विझवली, धुतलेलं लुगडं नेसली आणि नाव द्यायला गेली. शिवप्पा, वय चोवीस. चौतीस वर्षं या माणसाच्या नावानं तिनं नुसतं कपाळ मोकळं ठेवलं होतं. आता ते नाव दगडावर यायचं होतं. बसवंतनं जुनं दप्तर काढलं, पान शोधलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"अव्वा, इथं लिहिलंय, पोलीस कारवाईत मयत."

"मग बरोबर हाय की."

"बरोबर कसं? पोलिसांच्या कारवाईत कोण मरतं? दरोडेखोर. वरच्या साहेबांनी नावावर लाल रेघ मारलीय."

दानम्माला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती तिथल्या बाकावर बसली. दोष कुणाचा म्हणावा? मूळ नोंद जुन्या पटवाऱ्यानं उर्दूत केलेली: शिवप्पा, ॲक्शनच्या वक्ताला फौत. म्हणजे त्या सुमाराला वारला. पुढं दप्तर मराठीत करायला पुण्याकडचा एक कारकून आला. ॲक्शन हे आमच्याकडं साल आहे हे त्या बापड्याला काय ठाऊक? त्यानं शुद्ध मराठी केलं आणि एका गरीब शेतकऱ्याचा दरोडेखोर झाला.

"माझे मालक उडदाची गाडी घेऊन बाजाराला निघाले व्हते," दानम्मा म्हणाली. "एका अंगानं फौज येऊन राहिली, दुसऱ्या अंगानं रझाकार. मदी आमची गाडी. गोळी कुनाची, ते गोळीवर लिवलेलं नव्हतं. बैलांनी गाडी घरी आनली."

"मला पटतंय, अव्वा. पण कागदाला पटायला पाहिजे."

"फौजेसंगं रनगाडे व्हते. आपल्या फौजदाराकडं धड सायकल न्हाई. ते पोलीस कसे?"

बसवंत म्हणाला की हा धोरणात्मक प्रश्न आहे, समितीपुढं ठेवावा लागेल.

समितीची बैठक दानम्माच्याच खानावळीत भरली, कारण बैठकीला जेवण लागतं. सत्ताधारी पक्षाचे सटवाजीराव एका अंगाला, विरोधी पक्षाचे संगप्पा वकील दुसऱ्या अंगाला, मधे वीरण्णाअप्पा. स्तंभावर वरची ओळ काय लिहायची यावर सुरुवात झाली आणि गाडी तिथंच रुतली.

सटवाजीराव म्हणाले, "पोलीस कारवाईच लिहा. युद्ध म्हटलं की दोन देश आले. आपण मग परक्या मुलखात घुसलो असं होतं."

संगप्पा वकील म्हणाले, "तोफा लागल्या, विमानं उडाली, निजामाच्या सेनापतीनं शरणागती पत्करली. याला कारवाई म्हणायचं तर पानिपतला बाचाबाची म्हणा."

"तुम्ही सरकारची बदनामी करून राहिलात."

"सरकारला लाज वाटली म्हणून त्यानं फौजेला पोलिसाचे खाकी कपडे घातले. तुमचं सरकार नाव ठेवण्यात पटाईत. लोक उपाशी, तर टंचाईसदृश."

"तुमचं आलं तर काय म्हणाल?"

वकिलांनी जरा विचार केला. "ते आल्यावर बघू," ते म्हणाले.

असे दोन तास गेले. कुणी मुक्तिसंग्राम म्हणालं, पण मग ज्यांनी लढा दिला त्यांची यादी वेगळी, त्यात उडीदवाले येत नाहीत. कुणी लष्करी मोहीम म्हणालं, त्याला दिल्लीला विचारावं लागतं. दानम्मा दाराशी उभी राहून प्रत्येक शब्द शिवप्पाला बसतो का ते बघत होती. 'युद्ध' हा बसत होता. बाकी कुठलाच बसत नव्हता. तिनं तेवढ्यात झुणक्याचं भांडं वकिलांच्या पुढं सरकवलं, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी वीरण्णाअप्पांनी घसा खाकरला. "कशाला वाद? लिहा, सन एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या परिस्थितीत कालवश झालेले."

वाक्य सगळ्यांनी मनात फिरवून पाहिलं. त्यात कुणी कुणाला मारलं नव्हतं, कुणी कुठं घुसलं नव्हतं. सटवाजीराव म्हणाले, सुंदर. वकीलही म्हणाले, सर्वसमावेशक आहे. बसवंतनं ठराव लिहिला आणि लाल रेघेवर सही-शिक्का मारून शिवप्पाचं नाव आत घेतलं.

दानम्माच्या डोळ्यांना पाणी आलं. परिस्थिती गोळी कशी घालते, हे तिनं विचारलं नाही. नाव मिळत होतं, तिला तेवढंच हवं होतं. त्या दिवशी तिनं सगळ्यांना गुळाची होळगी, आमच्याकडची पुरणपोळी, वाढली, दुष्काळाच्या दिवसांत.

पाथरवटानं चौकात दगड आडवा टाकून काम सुरू केलं. आठव्या दिवशी तो शिवप्पापर्यंत आला. दानम्मा चांदबीला हाताला धरून घेऊन गेली. अक्षरांतली भुकटी पदरानं पुसली आणि बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण पाच वेळा फिरवलं.

चांदबी वरच्या ओळीकडं बघत होती. तिनं पाथरवटाला ती वाचून दाखवायला सांगितली. मग हळूच म्हणाली, "परिस्थिती में तो मेरा मरद भी बैठता, दानम्मा. उसका नाम बी बोल ना."

दानम्माला ते एकदम पटलं. एवढा मोठा शब्द, त्यात गाव मावेल. ती तशीच बसवंतकडं गेली. त्यानं दप्तर उघडलं नाही, नुसतं आजूबाजूला पाहिलं.

"मदारसाबची नोंद 'बेपत्ता' अशी आहे, अव्वा."

"बेपत्ता कसा? माळावरच्या आडात सापडला. समद्यांनी बघितला."

"ते आठ दिवसांनंतरचं. ती ॲक्शन नव्हे. ती गडबड. गडबड यादीत येत नाही." रझाकारांवरचा राग गावोगावी मुसलमान शेजाऱ्यांवर निघाला, त्याला आमच्याकडं गडबड म्हणतात. मग बसवंत आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "तुमचं काम झालंय ना? उगाच दगड थांबेल. आलेलं नाव जाईल."

दानम्मा तणतणत परतली. पडवीत चांदबी मुसळ टेकवून बसली होती.

"बघ की मेल्यांचं," दानम्मा म्हणाली. "मानसाला आडात टाकलं अन् वर गडबड म्हन्तेत."

चांदबीनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. "तू बी तोच बोलती," ती म्हणाली. "चौतीस साल हुए. चूल के पास बैठ के, मेरे सामने."

कचेरीला दानम्मा रोज टोमणे मारत आली, तिच्या शब्दांवर पंगती हसवल्या, आणि सरकारनं न सांगता एक शब्द तिनं स्वतःच्या घरात पाळला होता. चुलीपाशी, चांदबीच्या समोर. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज वाजवी होती.

सतरा सप्टेंबरला मांडव पडला. वीरण्णाअप्पा अध्यक्षस्थानी, बाजूला दोन्ही पक्ष, समोर गाव. कालवश झालेल्यांच्या वतीनं दोन शब्द बोलायला दानम्माला पुकारलं. बसवंतनं तिला चार ओळी पाठ करून दिल्या होत्या: मी ऋणी आहे, माझ्या पतीचा गौरव झाला, वगैरे. दगड तिच्या मागे होता, नाव अजून ओलं वाटावं इतकं नवं. तो दगड उद्या फोडला तरी कुणी तिला विचारणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"माझ्या मालकाला लढाईत गोळी लागली," ती म्हणाली. "चांदबीच्या मालकाला या गावानं मारून आडात टाकलं. त्याचं नाव मदारसाब. येवढंच."

ती खाली उतरली. मांडवात टाळी पडली नाही, कुणी उठलंही नाही. मग बँडवाल्याला कुणीतरी खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून खानावळीत कुणी फिरकलं नाही. याला बहिष्कार म्हणायचं नव्हतं, म्हणे. कचेरीतल्या सगळ्यांच्याच पोटाला एकदम डब्याचं अन्न मानवायला लागलं होतं. आठवडाभर दानम्मा आणि चांदबी दोघीच पाट मांडून समोरासमोर जेवल्या.

नवव्या दिवशी दुपारी बसवंत आला. काखेत समितीची वही होती. पाटावर बसला, पण ताट मागितलं नाही.

"इतिवृत्त पुरं करायचंय, अव्वा. तुमचं भाषण अप्पांनी सांगितलं तसं लिहिलंय." त्यानं वाचलं, "श्रीमती दानम्मा यांनी समयोचित विचार मांडले."

"म्या असं बोलले का?"

"नाही."

"मग बोलले ते लिव्ह."

बसवंतनं ती ओळ खोडली. मला वाटतं, त्याच्या सगळ्या नोकरीत त्यानं वरून न सांगता खोडलेली ती पहिलीच ओळ असावी. त्यानं लिहायला घेतलं, एकेक शब्द तोंडानं म्हणत: मदारसाब यांस मारून आडात टाकले. तिथं तो थांबला.

"'गावानं' हा शब्द फार मोठा होतो, अव्वा. सगळं गाव काही नव्हतं. अज्ञात इसमांनी, असं लिहू का?"

दानम्मानं तव्यावरची भाकरी उतरवली, त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि त्यात वाढली, अख्खी.

"अज्ञात न्हाईत रे, लेकरा," ती म्हणाली. "त्यातला एक परवा अध्यक्षस्थानी बसला व्हता."